भीतीला तारीख द्या

शनिवारी रात्री 11 वाजता कंडोम फाटला, किंवा वापरलाच गेला नाही, असं धरू. घड्याळ तिथून सुरू होतं आणि मंगळवारी रात्री 11 ला संपतं. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी जे औषध आहे त्याला एवढीच मुदत: 72 तास. त्यातला रविवार ओपीडी बंद असते म्हणून जातो. सोमवारी कामावर जायचं असतं, आणि सोमवार सुट्टीचा निघाला तर बघायलाच नको. मंगळवारी धीर करून ऐरोलीचा किंवा कळव्याचा माणूस सरकारी रुग्णालयात पोचतो, तर केसपेपरच्या खिडकीवर, मागे पंधरा माणसं उभी असताना विचारतात, "काय होतंय?" त्याला होत तर काहीच नसतं. तो "अंग दुखतंय" असं काहीतरी सांगतो, जनरल ओपीडीचा कागद हातात पडतो, आणि तो कागद घडी करून खिशात घालून माणूस घरी येतो.

तीन दिवस उलटले की मात्र सगळी दारं उघडतात. लॅबचा माणूस सकाळी सातला घरी येऊन रक्त नेतो. "एसटीडी पॅकेज" नावाची गोष्ट सवलतीत मिळते. पीसीआर करून घ्या, दोन आठवड्यांनी परत करा, एका महिन्यानं परत, आणि खात्रीसाठी सहा महिन्यांनी. ज्या तीन दिवसांत काही करता येतं तेव्हा कुणी भेटत नाही, आणि ज्या काळात फक्त थांबायचं असतं तेव्हा जो तो काहीतरी विकायला उभा. ठाणे ते पनवेल या पट्ट्यात मोठी रुग्णालयं आहेत, समुपदेशक आहेत, मोफत तपासणी आहे, औषधही आहे. तरी असं होतं, कारण घाबरून आलेल्या माणसाला दोन तारखा कुणी सांगत नाही: औषध कधीपर्यंत घेता येईल आणि कोणत्या दिवसाचा रिपोर्ट शेवटचा मानायचा. या दोन तारखा सांगणं हे सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचं काम आहे, आणि ते ती करत नाही, अशी माझी तक्रार आहे.

पहिली तारीख औषधाची. या औषधाला पेप म्हणतात. सध्या वापरात असलेल्या गोळीत टेनोफोविर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्युडिन 300 मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम अशी तीन औषधं एकत्र असतात. रोज एक गोळी, 28 दिवस. एचआयव्हीसह जगणारी लाखो माणसं हीच गोळी रोज घेतात, तेव्हा ती दुर्मीळ मुळीच नाही. 72 तासांची मुदतही कुणी मनानं ठरवलेली नाही. विषाणू शरीरात शिरला की लगेच रक्तभर होत नाही. आधी तो योनीच्या, गुदाच्या किंवा शिस्नाच्या नाजूक अस्तरातल्या पेशी गाठतो, त्यांच्याबरोबर जवळच्या लसिका ग्रंथींत जातो, तिथं बस्तान बसवतो आणि मग रक्तात उतरतो. याला दोन-तीन दिवस जातात. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या माकडांवरच्या प्रयोगात टेनोफोविर 24 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस दिलं तेव्हा एकाही माकडाला लागण झाली नाही. सुरुवात लांबवली किंवा दिवस कमी केले तसतसं संरक्षण घटत गेलं. म्हणून "72 तासांत" याचा अर्थ "तिसऱ्या दिवशी चालेल" असा घ्यायचा नाही. पहिल्या दोन तासांत मिळाली तर उत्तम, नाहीतर जितकी लवकर मिळेल तितकी.

इथं चुका ठरलेल्या आहेत. पहिली चूक डॉक्टरांकडून होते: आधी टेस्ट करू, रिपोर्ट आला की गोळी लिहितो. हे उलटं आहे. रक्त घ्यायचं आणि त्याच बैठकीत पहिली गोळी द्यायची. त्या रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि क्रिएटिनिन पाहतात. क्रिएटिनिन यासाठी, की टेनोफोविर मूत्रपिंडातून बाहेर पडतं. हिपॅटायटिस बी यासाठी, की या गोळीतली दोन औषधं त्या विषाणूवरही चालतात. आधीपासून बी असलेल्यानं 28 दिवसांनी गोळी एकदम थांबवली तर यकृताची सूज उसळू शकते. पहिल्याच रक्तात एचआयव्ही निघाला तर तो शनिवारचा नव्हे, जुना, आणि त्याचे उपचार वेगळे सुरू करायचे.

दुसरी चूक घेणाऱ्याची. दहाव्या दिवशी मळमळ होते, किंवा कुठूनतरी केलेली टेस्ट निगेटिव्ह येते, आणि गोळ्या बंद होतात. दहाव्या दिवसाची निगेटिव्ह टेस्ट गोळ्या थांबवण्याचं कारण होत नाही. आणखी एक चूक अगदी घरगुती आहे. डोल्युटेग्राविर हे कॅल्शियम, लोह आणि अँटासिडशी पोटातच जखडून बसतं आणि रक्तात कमी उतरतं. मळमळ होते म्हणून गोळीवर लगेच अँटासिडचे दोन घोट घेणारा माणूस नकळत गोळीचा डोस कमी करत असतो. गोळी या गोष्टींच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण त्याची मात्रा दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं.

आणि डेटॉल. संबंधानंतर घाबरून जंतुनाशकानं आतून धुणाऱ्यांची संख्या कमी नसावी. त्यानं अस्तर सोलवटतं आणि विषाणूला वाट सोपी होते. बाहेरून साधं पाणी पुरे, आतून काहीच नको. तसंच कंडोमवर खोबरेल तेल लावू नये. तेलानं लेटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतो. "चांगल्या कंपनीचा होता, तरी फाटला" याचं उत्तर बऱ्याचदा कपाटातल्या निळ्या बाटलीत असतं.

आता प्रश्न असा, की ही गोळी मागेल त्याला द्यायची का? मुळीच नाही. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित व्यक्तीशी कंडोमविना 10,000 वेळा संबंध आले तर सरासरी किती वेळा लागण होईल, याचे अंदाज असे आहेत: गुदसंभोगात घेणाऱ्या व्यक्तीला 138, करणाऱ्याला 11, योनिसंभोगात स्त्रीला 8, पुरुषाला 4. मुखमैथुनात धोका इतका थोडा की आकडा मांडणंच अवघड. चुंबन, मसाज, हस्तमैथुन यांत नाही. बाधित व्यक्ती नियमित औषध घेत असेल आणि तिच्या रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला असेल, तर लैंगिक संबंधातून लागण होतच नाही. हजारो जोडप्यांवर वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासांतून हे पक्कं झालं आहे. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 0.2 टक्के. म्हणजे जोडीदाराची काहीच माहिती नसलेल्या पुरुषाला एका योनिसंभोगातून लागण होण्याची शक्यता ढोबळ मानानं एक कोटीत आठ. ज्या गटांत प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे तिथं हीच शक्यता दहा लाखांत आठ होते. जखम, जननेंद्रियावरचा व्रण किंवा जोडीदाराला नुकतीच झालेली लागण यांनी ती वाढते.

म्हणजे रात्री धावत आलेल्या बहुतेकांना "तुम्हाला गोळीची गरज नाही" असंच सांगावं लागेल. पण ते सांगायला कुणीतरी जागं हवं ना? गुदसंभोगात कंडोम फाटलेला तरुण आणि मसाजनंतर झोप उडालेला गृहस्थ यांच्यातला फरक पाच मिनिटांत, पाच प्रश्नांत कळतो. हे प्रश्न विचारणारा माणूस नसल्यामुळे आज पहिल्याला गोळी मिळत नाही आणि दुसरा खाजगी दवाखान्यातून 28 दिवसांची बाटली विकत घेऊन येतो.

आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांचा भर दोन गटांवर आहे: सुई टोचलेले आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्ती. दोघांनाही औषध तातडीनं मिळायलाच हवं, यात वाद नाही. कर्मचाऱ्यांसाठी ही औषधं रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत चोवीस तास हाताशी ठेवणं अपेक्षित आहे. म्हणजे ठाण्याचं सिव्हिल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय यांच्या आवारात नवी खोली बांधायची नाही, नवं पद काढायचं नाही. ज्या कपाटातून नर्सला गोळी मिळते त्याच कपाटातून, पाच प्रश्नांच्या चाळणीतून गेलेल्या नागरिकाला पहिल्या 3 दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, पाठवायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 च्या सूचनांत याहून पुढं जाऊन सांगितलं आहे: पेप वस्तीपातळीवर द्या, आणि डॉक्टरच हवा असं नाही, प्रशिक्षित परिचारिका आणि औषधविक्रेतेही देऊ शकतात. आपण निदान कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत तरी यावं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: गोळी सहज मिळाली तर लोक सोकावतील. गर्भनिरोधाची तातडीची गोळी दुकानात मिळू लागली तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं. पेप तर 28 दिवस रोज आठवण करून देते, मळमळवते, आणि वर तीन-तीनदा रक्त द्यायला लावते. एवढ्या उपद्व्यापाला कुणी सोकावत नाही. उलट, पेपसाठी जो दुसऱ्यांदा येतो त्याला आधीपासून घ्यायच्या गोळीबद्दल, म्हणजे प्रेपबद्दल सांगण्याची ती जागा असते. तो माणूस कॅज्युअल्टीत आलाच नाही, तर हे सांगणार कुणाला?

आता दुसरी तारीख, तपासणीची. एवढ्या साध्या गोष्टीवर इतका गोंधळ क्वचितच पाहायला मिळतो. एक डॉक्टर म्हणतो 28 दिवस, दुसरा 45, सरकारी केंद्र म्हणतं 3 महिने, शेजारच्या गल्लीतले ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात 6 महिने. घाबरलेला माणूस यांतली सगळ्यात लांबची तारीख धरतो आणि वाटेत सगळ्या तारखांना रक्त देतो.

खरं तर हे आकडे वेगवेगळ्या चाचण्यांचे आहेत. जुन्या चाचण्या फक्त प्रतिपिंडं शोधतात, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. ती व्हायला वेळ लागतो; बोटातून थेंब घेऊन होणाऱ्या रॅपिड चाचणीला म्हणूनच 90 दिवस देतात. चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा पी24 हा तुकडाही शोधते, त्यामुळे शिरेतून घेतलेल्या रक्तावर लॅबमध्ये केली तर 45 दिवसांनंतरचा तिचा निकाल पक्का मानतात. पीसीआर विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते आणि 10 ते 33 दिवसांत लागण दाखवू शकते, पण महाग असते. नुकत्याच झालेल्या लागणीची दाट शंका असेल तेव्हा तिचा उपयोग. मनाच्या शांतीसाठी ती विकणं हा धंदा. सहा महिन्यांचा सल्ला पहिल्या पिढीच्या चाचण्यांच्या काळातला आहे. तो देणाऱ्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच असतो, पण त्या "खात्रीसाठी"ची किंमत समोरच्याच्या झोपेनं मोजली जाते.

सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, मुख्यतः रॅपिड किट असतात, म्हणून तिथं 3 महिने सांगतात. तेही बरोबर आहे आणि 45 दिवसही बरोबर आहेत. फक्त कोणत्या सुईच्या मागं कोणता आकडा, हे कुणी सांगत नाही.

हिशेब करून पाहा. संबंध 1 जूनला आला. चौथ्या पिढीची लॅब चाचणी 16 जुलैला करा, प्रश्न मिटला. आयसीटीसीतली रॅपिड करायची तर 30 ऑगस्ट. पेप घेतली असेल तर औषध प्रतिपिंडं तयार होणं लांबवू शकतं, म्हणून दिवस शेवटच्या गोळीपासून मोजायचे: 2 जूनला सुरू केलेली गोळी 29 जूनला संपते, तिथून 45 दिवस म्हणजे 13 ऑगस्ट, आणि रॅपिडसाठी 27 सप्टेंबर. मधल्या काळात एक चाचणी केली तर हरकत नाही, पण तिच्यावर निकाल ठेवायचा नाही. तोवर घरी कंडोम वापरायचा. बायकोला काय सांगायचं, हा प्रश्न सगळ्यांत अवघड असतो, आणि आयसीटीसीतल्या समुपदेशकांशी याच प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ बोलावं.

माझी मागणी लॅबकडे आणि लॅबवर देखरेख ठेवणाऱ्यांकडे आहे. प्रत्येक एचआयव्ही रिपोर्टवर मराठीत एक ओळ छापा: "हा अहवाल अमुक तारखेपर्यंतच्या संबंधांविषयी सांगतो." रुग्णाला काही विचारायचीही गरज नाही. रक्त घेतल्याच्या तारखेतून 45 किंवा 90 वजा करायचे, संगणक ते करेल; पेप घेतलेल्यानं मात्र शेवटच्या गोळीची तारीख जुळवायची. 16 जुलैच्या रिपोर्टवर "1 जूनपर्यंतच्या" असं दिसलं, की वाचणाऱ्याला आपली तारीख आपसूक जुळवता येते. आज त्या जागी काय असतं? इंग्रजीत बारीक अक्षरांत "कृपया क्लिनिकल स्थितीशी पडताळून पाहावे" आणि "शंका असल्यास पुन्हा तपासणी करावी". ज्याला शंकेचाच आजार झाला आहे त्याला हा सल्ला म्हणजे माकडाला पाजलेली दारू.

त्याच रिपोर्टवरचा आणखी एक आकडा लोकांना छळतो. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह या शब्दापुढं 0.18 किंवा 0.31 असं काहीतरी असतं, आणि 1.00 च्या खाली निगेटिव्ह असं लिहिलेलं असतं. पहिल्या लॅबमध्ये 0.18 आला, दुसऱ्या लॅबमध्ये 0.31, म्हणजे "वाढतोय" असा अर्थ लावून माणूस तिसऱ्या लॅबमध्ये जातो. हा विषाणूचा आकडा नव्हेच. यंत्रानं मोजलेला प्रकाश आणि ठरवलेली सीमारेषा यांचं ते गुणोत्तर आहे. 1 च्या खालचं ते सगळं यंत्राची खरखर. वेगळं यंत्र, वेगळी किट, वेगळी खरखर.

उलट बाजूची चूक अधिक क्रूर आहे. लॅबचा पहिला रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह आला म्हणजे एचआयव्ही झाला, असं नाही. समजा 10,000 लोकांची तपासणी झाली आणि त्यांच्यात लागण 0.2 टक्के आहे, म्हणजे 20 जणांना. चाचणी 99.5 टक्के अचूकपणे निरोग्याला निरोगी म्हणते असं धरलं, तरी उरलेल्यांतून सुमारे 50 जण खोटे रिअ‍ॅक्टिव्ह निघतील. पन्नास खोटे आणि वीस खरे! म्हणूनच सरकारी कार्यक्रमात लक्षणं नसलेल्या माणसाला वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्या रिअ‍ॅक्टिव्ह आल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. खाजगी लॅबमधून मात्र एका यंत्राचा निकाल रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, सोबत कुणी माणूस नाही. असा निकाल आला तर सकाळी थेट आयसीटीसी गाठावी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवलं: लॅबच्या अ‍ॅपवर अख्ख्या कुटुंबाचं एकच खातं असतं, आईच्या थायरॉइडचा रिपोर्ट येतो त्याच नंबरवर हाही येतो. नंबर देताना हे ध्यानात असू द्या.

लक्षणांबद्दल थोडक्यात. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी येतात. ठाण्यात जून ते सप्टेंबर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि साधा व्हायरल यांतही यातलंच काही ना काही होतं. आरशासमोर रोज जीभ बाहेर काढून पाहिली तर ती कुणाचीही पांढरटच दिसेल. लक्षणांवरून एचआयव्ही ठरवता येत नाही आणि नाकारताही येत नाही. ताप आला तर तापाचं पाहावं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी, कारण ती इतरांच्या जिवावर बेतते. रक्तदान केलं की एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि कुणाला कळतही नाही, असं म्हणून काही जण मंडळाच्या किंवा सोसायटीच्या शिबिरात जाऊन झोपतात. रक्तपेढी प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासते हे खरं. पण विंडो पिरियड, म्हणजे लागण होऊनही चाचणीत न दिसण्याचा वर सांगितलेला काळ, त्या पिशवीलाही लागू आहे. दहाव्या दिवशी दिलेल्या रक्तात विषाणू असून चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि बाधित रक्त चढवलं तर लागण जवळजवळ ठरलेली: 10,000 पैकी 9,000 हून अधिक वेळा. शिबिरातल्या फॉर्मवरचा धोक्याच्या संबंधांविषयीचा प्रश्न लाजेनं "नाही" करण्याऐवजी "आज बीपी वाढलंय" म्हणून उठून यावं. आयोजकांनीही आडोशाला बसून फॉर्म भरण्याची सोय करावी. एकाच टेबलावर कार्यकर्त्यांच्या खांद्याला खांदा लावून कुणी खरं लिहिणार नाही.

मग आयसीटीसीत लोक का जात नाहीत? तिथं पैसे लागत नाहीत, वेगळी खोली असते, तपासणीआधी समुपदेशक बोलतो, लेखी संमती घेतो, निकाल त्याच दिवशी मिळतो आणि फक्त त्या व्यक्तीच्या हातात देतात. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, माहिती फोडता येत नाही, नोकरीसाठी ही चाचणी मागता येत नाही, हे सगळं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आहे आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. महापे किंवा तुर्भ्याच्या एखाद्या कंपनीनं भरतीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही घातला असेल तर ते बेकायदा आहे.

लोक जात नाहीत याचं मुख्य कारण माझ्या मते वेळ. ओपीडी सकाळची, दुपारी आटोपणारी. ट्रान्स-हार्बर पकडून सकाळी निघणाऱ्याला, माइंडस्पेसमध्ये रात्रपाळी करणाऱ्याला, एपीएमसीत पहाटेपासून उभ्या असलेल्याला ती वेळ जमत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, 6 ते 9, एक ठाण्यात आणि एक वाशीत केंद्र उघडं ठेवा, एवढंच. दुसरं कारण पाटी. "एड्स" हा शब्द मोठा लिहिलेल्या दारात जायला धीर लागतो. तिसरं कारण स्त्रियांच्या वाट्याचं. अविवाहित मुलगी तपासणीला आली की पहिला प्रश्न "लग्न झालंय का?" योनिसंभोगात तिचा धोका पुरुषाच्या दुप्पट, आणि चौकशीचा जाचही दुप्पट. प्रौढ व्यक्तीला हा प्रश्न विचारण्याचं वैद्यकीय कारण काहीही नाही. "गेल्या 72 तासांत की आधी?" हा प्रश्न विचारा. तिला गर्भनिरोधाची तातडीची गोळी, लेव्होनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, तेवढ्याच 72 तासांत हवी असते, आणि ती तर चिठ्ठीशिवाय मिळते.

एचआयव्हीच्या धास्तीत बाकीचे संसर्ग विसरले जातात, हेही नोंदवायला हवं. सिफिलिस, गनोरिया, हिपॅटायटिस बी यांची शक्यता त्या एका रात्रीतून एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त. सिफिलिसचा व्रण दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही, आणि रक्तात तो दिसायला काही आठवडे लागतात. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये याचे उपचार मोफत होतात. हिपॅटायटिस बीची लस 0, 1 आणि 6 महिन्यांना अशा तीन मात्रांत घेता येते. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या "गुप्तरोग" पत्रकांवरच्या नंबरांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

शेवटची तारीख उलटते. 16 जुलैचा रिपोर्ट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह येतो. काहींना हायसं वाटतं आणि ते विसरून जातात. काहींना चार दिवस बरं वाटतं, आणि पाचव्या दिवशी मनात येतं, की नळी बदलली असेल तर? या माणसाला आणखी एक चाचणी लिहून देणं हे डॉक्टरांचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चुकीचं काम. प्रत्येक रिपोर्ट त्या शंकेचा खुराक असतो. त्याची भीती विषाणूची उरलेली नसते; बहुतेकदा ती अपराधाची असते, आणि अपराध रक्तात सापडत नाही, म्हणून कितीही रक्त काढलं तरी तो "निगेटिव्ह" येत नाही. यावर उपाय आहेत. शंका आली तरी न तपासता राहायचा सराव मानसोपचारात पद्धतशीर शिकवतात, गरज पडली तर औषधंही देतात, आणि बऱ्याच जणांना काही महिन्यांत आराम पडतो.

पण ठाण्यात मानसोपचाराचं नाव काढायची पंचाईत. "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद महाराष्ट्रभर चालतो, आणि ठाणेकराला तर स्टेशनापासून रिक्षानंच जायचं असतं. म्हणून पहिला फोन टेली-मानसच्या 14416 वर करावा. तिथं मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. एचआयव्हीबद्दलच विचारायचं असेल तर 1097, तोही मोफत. आयसीटीसीतल्या समुपदेशकाच्या टेबलावर हे दोन्ही नंबर असलेलं कार्ड असावं, आणि तिसऱ्यांदा निगेटिव्ह रिपोर्ट घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात नवीन फॉर्मऐवजी ते कार्ड ठेवावं, मागच्या बाजूला त्याच्या शेवटच्या चाचणीची तारीख पेनानं लिहून.